स्केटिंग ग्रुपसाठी पाठीवरची बॅटरी साउंड सिस्टिम: कोणत्या क्रमाने बांधायची आणि नेमकं कुठे चुकतं

बहुतेक जण आधी अँप्लिफायर घेतात, मग त्याला पुरेल म्हणून मोठी बॅटरी, आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो स्पीकर. हा क्रम उलटा आहे. अशी सिस्टिम जड होते, आवाज फाटतो आणि ग्रुपच्या शेवटच्या माणसापर्यंत गाणं पोचतच नाही. आधी अंतर, मग स्पीकर, मग व्होल्टेज, मग अँप आणि बॅटरी असा क्रम धरला, तर ८ ते ९ किलोंत वीस-पंचवीस जणांना पुरेल अशी पेटी होते.

खालची सगळी मापं एका पेटीची आहेत: ८ इंची एक स्पीकर, एक हॉर्न ट्विटर (उंच सुरांचा भोंगा), ६ सेलची बॅटरी, पाठीवर न्यायची फ्रेम.

टप्पा १: आवाज किती हवा ते आधी ठरवा

वीस-पंचवीस स्केटर रस्त्याच्या एका कडेने चालले की रांग साधारण २० ते २५ मीटर लांब होते. पेटी पुढच्या एक तृतीयांशात ठेवली, तर शेवटचा माणूस पंधरा-एक मीटरवर येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर ९५ डेसिबल असेल, तर १० मीटरवर ७५ उरतो.

हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार सार्वजनिक जागी लाउडस्पीकर वापरताना त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तिथे हद्दीवर ६५ च. पेटी पाठीवर असली तरी ती लाउडस्पीकरच. लेखी परवानगी लागते, ती वेळेत मागा, आणि मार्ग व वेळ दोन्ही अर्जात लिहा.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. पुण्यात रविवारचे ग्रुप रहदारी टाळायला साडेपाचलाच जमतात. तेव्हा सहा वाजेपर्यंत पेटी बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र धरला जातो. फर्ग्युसन रस्ता रुंद आणि गुळगुळीत वाटला तरी त्यावर कॉलेजच आहे. मार्ग आखताना असे तुकडे नकाशावर खुणा करून ठेवा आणि तिथे आवाज पूर्ण बंद करा.

टप्पा २: स्पीकर

स्पीकरच्या कागदावर वॅट पाहू नका, सेन्सिटिव्हिटी पाहा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल येतात, तो आकडा. गाडीत बसवायचे किंवा घरातल्या होम थिएटरचे स्पीकर साधारण ८५ ते ८८ डेसिबलचे असतात. पीए सिस्टिमचे, म्हणजे जाहीर कार्यक्रमांत वापरतात ते ८ इंची स्पीकर ९४ ते ९६ चे मिळतात. १० डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅट. १० मीटरवर ७५ डेसिबल हवे असतील, तर ९५ च्या स्पीकरला सरासरी १ वॅट पुरतो आणि ८५ च्या स्पीकरला १० वॅट लागतात. ढोलकीचा किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या १० डेसिबल वर जातो. तेव्हा त्या क्षणाला एकाला १० वॅट आणि दुसऱ्याला १०० वॅट हवेत. पाठीवरच्या पेटीत १०० वॅटची हाव धरली, की वजन आणि उष्णता दोन्ही हाताबाहेर जातात.

म्हणून पैसे इथे खर्च करा. ८ इंची, ८ ओहम, ९४ डेसिबल किंवा वर. निओडिमियम चुंबकाचा परवडला तर वजन जवळजवळ किलोभर उतरतं. फेराइटचा घेतलात तरी चालतो.

सोबत ८ ओहमचा कॉम्प्रेशन हॉर्न ट्विटर लागतो. हॉर्नची सेन्सिटिव्हिटी १०५ च्या आसपास असते, म्हणून त्याला दाबावं लागतं. १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर आणि २.२ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा पॉलिएस्टर कॅपॅसिटर हॉर्नच्या सिरीजमध्ये जोडा. हॉर्न साधारण ७ डेसिबलने खाली येतो आणि ४ किलोहर्ट्झच्या खालचं त्याच्याकडे कमी जातं.

सावधान: इथे सर्वांत जास्त हॉर्न जळतात. '८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड' हा ठोकताळा बरोबर आहे, पण तो एकट्या कॅपॅसिटरसाठी. सिरीजला १० ओहम आला की कॅपॅसिटरला दिसणारा भार १८ ओहमचा होतो. तोच ४.७ चा कॅपॅसिटर मग १.९ किलोहर्ट्झपासून पुढचं सगळं आत सोडतो, आणि लहान हॉर्नला ते झेपत नाही. रेझिस्टर लावलात तर कॅपॅसिटर २.२ चाच. ध्रुव असलेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर इथे कधीच लावू नका.

टप्पा ३: व्होल्टेज आणि अँप

टीपीए ३११६ या चिपचे क्लास डी बोर्ड पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळतात, आणि या कामाला ते पुरेसे आहेत. बोर्डवर छापलेले '१०० वॅट' विसरा. स्पीकरला किती मिळणार हे बॅटरीचं व्होल्टेज ठरवतं. १२.८ व्होल्टवर ८ ओहमला जेमतेम १० वॅट जातात, १९.२ व्होल्टवर २३. ठोक्याचे १० वॅट सांभाळून हाताशी थोडी जागा उरते, म्हणून १९.२ व्होल्ट घ्यायचे. म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, बोलीत एलएफपीचे, ६ सेल सिरीजमध्ये.

'२४ व्होल्टची तयार बॅटरी आहे, तीच लावतो' असं ठरवणाऱ्यांनी थांबावं. एलएफपीची २४ व्होल्टची बॅटरी ८ सेलची असते आणि पूर्ण चार्ज झाली की २९.२ व्होल्टला जाते. या चिपची काम करायची मर्यादा २६ व्होल्ट आहे. बोर्ड पहिल्या दिवशी चालेल, दहाव्या दिवशी ऐन कार्यक्रमात जाईल. ६ सेलची बॅटरी पूर्ण भरून २१.९ व्होल्ट होते, त्यामुळे चिपला धोका नाही.

गेन, म्हणजे बोर्ड सिग्नल किती वाढवतो तो आकडा, बदलता येणारा बोर्ड असेल तर २६ डेसिबलवर ठेवा. ब्लूटूथ मॉड्यूलमधून येणाऱ्या पाऊण व्होल्टला तेवढा पुरतो. ३६ वर ठेवला तर गाण्यांच्या मधल्या शांततेत फसफस ऐकू येते.

टप्पा ४: बॅटरी

६ सेल, ३२७०० मापाचे, ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास. एका सेलचं वजन साधारण १४० ग्रॅम, म्हणजे अख्खी बॅटरी किलोभराच्या आत. ऊर्जा ११५ वॅट-तास. त्यातली ८० टक्के वापरली तर ९२. सगळी सिस्टिम मोठ्या आवाजातही सरासरी १० वॅटच्या आसपास खाते, त्यामुळे आठ-नऊ तास चालते. बारा किंवा अठरा सेल घालून पेटी जड करण्यात काहीच मिळत नाही.

१. सहाही सेल मल्टिमीटरने मोजा. दुकानातून आलेला चांगला सेल ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. २.५ च्या खालचा सेल परत करा, चार्ज करून पाहू नका.

२. सिरीजमध्ये जोडण्याआधी सगळे सेल एकमेकांच्या ०.०२ व्होल्टच्या आत आणा. सोपा मार्ग: सहाही समांतर जोडून ३.६ व्होल्टवर लावलेल्या बेंच सप्लायने करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत भरा. हे टाळलं की पुढे एकच सेल आधी भरतो, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारा संरक्षक बोर्ड) चार्जिंग तोडतं आणि बॅटरी कायम अर्धी राहते.

३. सेलच्या टोकांवर सोल्डरिंग गन टेकवू नका, आतलं सील उष्णतेने जातं. बॅटरी पॅक बांधणाऱ्याकडून शुद्ध निकेलच्या ०.१५ मिलिमीटर पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून घ्या, नाहीतर स्क्रूची टोकं असलेले सेल घ्या.

४. धन टोकांवर बार्ली पेपरच्या चकत्या चिकटवा. पट्टी सेलच्या कडेला घासली तर शॉर्ट तिथेच होतो, कारण सेलचं अख्खं बाहेरचं कवच ऋण असतं.

५. बीएमएस एलएफपीचं, ६ सेलचं, १५ अँपिअरचं. लिथियम-आयनचं ६ सेलचं बीएमएस दिसायला हुबेहूब तसंच असतं, पण ते सेलला ४.२ व्होल्टपर्यंत चढू देतं. एलएफपीला ३.६५ च्या वर न्यायचं नाही. बोर्डवरचं लेबल वाचा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर थांबू नका.

तपासणी: बॅलन्सच्या तारांचा कनेक्टर बीएमएसमध्ये घालण्याआधी ऋण टोकापासून एकेक पिन मोजा. ३.३, ६.६, ९.९, १३.२, १६.५, १९.८ अशी चढती पायरी यायला हवी. एक जरी आकडा जागचा हलला असेल तर कनेक्टर घालू नका, बीएमएस त्याच क्षणी जळतं.

चार्जर २१.९ व्होल्टचा घ्या. तो मिळेपर्यंत २१ व्होल्टचा लिथियम चार्जर चालतो, एका सेलला ३.५ व्होल्ट येतात आणि बॅटरी जवळजवळ पूर्ण भरते. मात्र बरीच बीएमएस सेल समान करायचं काम त्याच्या वरच्या व्होल्टेजला सुरू करतात, म्हणून अधूनमधून २१.९ चा हवाच. २५.२ व्होल्टचा चार्जर घरात असला तरी या बॅटरीला लावायचा नाही.

टप्पा ५: पेटी

९ मिलिमीटरचं मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेलं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून मिळतं. साधं प्लाय एका पावसाळ्यात कडेने फुगतं.

स्पीकरच्या कप्प्याचं आतलं माप ३६ × २४ × २० सेंटिमीटर ठेवा, साधारण १७ लिटर भरतात. त्याखाली ९ सेंटिमीटर उंचीचा वेगळा कप्पा बॅटरी आणि अँपसाठी. दोन कप्प्यांमधून जाणाऱ्या तारांचं भोक सिलिकॉनने बंद करा, नाहीतर तिथून हवेची शिट्टी वाजते. पेटी बंद ठेवा, पोर्ट नको. पोर्टमधून पाणी शिरतं, आणि ८० हर्ट्झच्या खालचा बेस मोकळ्या रस्त्यावर तसाही विरून जातो. तेवढा भाग मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये उतरवून टाका, स्पीकरची फडफड थांबते.

जोडांना फेव्हिकॉल आणि दर ६ सेंटिमीटरवर स्क्रू. स्पीकर लाकडी स्क्रूने बसवू नका. टी-नट आणि बोल्ट वापरा. पेव्हर ब्लॉक आणि स्पीड ब्रेकरच्या हादऱ्यांनी लाकडातले आटे लवकर मोकळे होतात. आतला प्रत्येक नट नायलॉक, म्हणजे हादऱ्याने न सुटणारा. अँपचा बोर्ड पितळी स्पेसरवर, आणि बोर्डवरचे उंच कॅपॅसिटर एकमेकांना व बोर्डाला सिलिकॉनच्या थेंबाने चिकटवलेले. हादऱ्याने त्यांचे पाय तुटतात आणि दोष शोधताना तास जातात.

स्पीकरवर लोखंडी जाळी, तिच्या आतून पातळ ग्रिलचं कापड. भुरभुर पावसाला एवढं पुरतं. धो-धो पावसात पेटी बाहेर काढायचीच नाही.

टप्पा ६: वायरिंग

हा टप्पा एका बैठकीत संपवायची घाई करू नका. क्रम असा:

१. बॅटरीच्या धन तारेवर, बॅटरीपासून १५ सेंटिमीटरच्या आत ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. फ्यूज अँपजवळ लावला तर मधली तार शॉर्ट झाल्यावर तिला कुणीच वाचवत नाही.

२. फ्यूजनंतर स्विच, मग अँप. तार १.५ चौरस मिलिमीटर, मऊ, बारीक धाग्यांची. जोडणीला एक्सटी ६० कनेक्टर. बॅटरीच्या बाजूला मादी.

३. ब्लूटूथ मॉड्यूलसाठी ५ व्होल्ट लागतात. ७८०५ लावू नका, २१ व्होल्टवरून ५ वर येताना तो तापतो. एलएम २५९६ चा बक (व्होल्टेज उतरवणारा) मॉड्यूल लावा, ५ व्होल्टवर सेट करून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे हादऱ्याने तो फिरणार नाही.

४. बक आणि ब्लूटूथच्या मध्ये बी ०५०५ एस हा अलग ग्राउंड देणारा छोटा कन्व्हर्टर घाला. 'गाणं चालू केलं की मागे कुंईकुंई आवाज येतो' ही तक्रार जवळजवळ नेहमी ग्राउंड लूपची असते. मॉड्यूल आणि अँप एकाच ग्राउंडवर दोन वाटांनी जोडले जातात आणि डिजिटल खरखर ऑडिओत शिरते. या कन्व्हर्टरला किमान भार लागतो, म्हणून त्याच्या आउटपुटवर २२० ओहमचा रेझिस्टर आडवा लावा. नाहीतर हलक्या भारावर व्होल्टेज ५ च्या वर चढतं. ब्लूटूथचं ग्राउंड मग फक्त ऑडिओ तारेच्या जाळीतून अँपला भेटू द्या.

५. एकच स्पीकर आहे, म्हणून डावा-उजवा एकत्र करायचे. दोन्हींवर एकेक २.२ किलोओहमचा रेझिस्टर, त्यांची पुढची टोकं एकत्र, तिथून अँपचा एक इनपुट. रेझिस्टर न घालता दोन्ही तारा पिळल्या तर मॉड्यूलचे दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. एकच चॅनल घेतला तर काही गाण्यांत अर्धी वाद्यं गायब होतात.

६. त्याच जोडापासून जाळीच्या तारेने खांद्याच्या पट्ट्यावर एक टॉगल स्विच न्या, जो सिग्नल ग्राउंडला टेकवतो. हा म्यूट. चौकात मार्शलची, म्हणजे ग्रुपला वाट दाखवणाऱ्याची शिट्टी ऐकू यायला हवी, आणि त्यासाठी स्केटरने मोबाइल काढत बसायचं नाही. रेझिस्टर मध्ये असल्यामुळे मॉड्यूलला इजा होत नाही.

सावधान: या अँपचं स्पीकरचं ऋण टोक ग्राउंड नाही. दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. जुन्या अँपच्या सवयीने ते टोक पेटीच्या धातूला किंवा बॅटरीच्या ऋणला जोडलं तर चिप बंद पडते किंवा कायमची जाते.

ब्लूटूथचा अँटेना प्लायच्या बाहेरच्या बाजूला राहू द्या आणि फोन खांद्याच्या पट्ट्यावर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन पँटच्या पुढच्या खिशात असेल तर पाठीवरच्या पेटीपर्यंत सिग्नल तुटत जातो.

टप्पा ७: टेबलावरची तपासणी

आधी बॅटरीऐवजी करंट मर्यादा असलेला बेंच सप्लाय, १९ व्होल्ट, १ अँपिअरवर. स्पीकर न जोडता चालू करा. करंट १०० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी असावा. जास्त असेल तर बंद करून वायरिंग पाहा. मग स्पीकर, मग हळू आवाज, मग बॅटरी. मोठ्या आवाजात सलग दोन तास चालवा आणि अँपच्या हीटसिंकला बोट लावा, बोट टिकलं पाहिजे. नंतर पेटी दोन्ही हातांनी जोरात हलवा, आवाज तुटता कामा नये.

टप्पा ८: पाठीवर बांधणं

जुन्या ट्रेकिंग सॅकची अॅल्युमिनियम फ्रेम उत्तम. पेटी तिच्यावर चार बोल्टांनी, स्पीकर मागे तोंड करून. कमरेचा पट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही लागतात, पट्टे नसले की वळताना पेटी माणसाला ओढते. पाठ आणि पेटी यांच्यात २० मिलिमीटर ईव्हीए फोम. बॅटरीचा कप्पा खाली आणि पाठीच्या बाजूला. पेटीच्या वरची कड वाहणाऱ्याच्या खांद्याखाली राहील असं बसवा, नाहीतर आवाज थेट त्याच्या कानात जातो. मागे रिफ्लेक्टिव्ह टेप.

पेटी वाहणारा हा ग्रुपमधला सर्वांत स्थिर स्केटर हवा. ८-९ किलो पाठीवर आले की थांबायला जास्त अंतर लागतं आणि तोल मागे झुकतो. तोल जाऊन मागे कोसळणारा माणूस पेटीवर पडतो. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये तेवढ्याच वजनाची तांदळाची पिशवी सॅकमध्ये घालून ब्रेक आणि वळणं घोटून घ्या. फ्लायओव्हरचे उतार पेटीसह घ्यायचे नाहीत.

टप्पा ९: कार्यक्रमाचा दिवस

आदल्या रात्री चार्ज करा, पण रात्रभर लावून झोपू नका. सकाळी व्होल्टेज मोजा, भरलेली बॅटरी काही तासांनी २० च्या आसपास स्थिरावते. सोबत दोन फ्यूज, अॅलन की, इन्सुलेशन टेप आणि एक ३.५ मिलिमीटरची ऑडिओ केबल.

निघण्याआधी एकाला फोनवरचं डेसिबल मोजणारं अॅप घेऊन १० मीटरवर उभं करा आणि आवाजाची वरची मर्यादा ठरवा. फोनचा आकडा अचूक नसतो, म्हणून मर्यादेच्या थोडं खालीच राहा. व्हॉल्यूमच्या नॉबवर त्या जागी मार्करने खूण करा, म्हणजे वाटेत कुणी उत्साहात वर नेणार नाही.

ग्रुप चाळीसच्या पुढे गेला तर दुसरी पेटी लागते. ती शेवटी नेऊ नका. ३० मीटर अंतराला आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद घेतो, आणि एका पेटीजवळच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. दोन्ही पेट्या शेजारी-शेजारी चालू द्या, किंवा दोन ग्रुप करून त्यांच्यात १०० मीटरचं अंतर ठेवा.

परत आल्यावर पेटी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोडू नका. एप्रिल-मे मध्ये पुण्यात बाहेर ४० अंश असतील तर डिकीत त्याहून बरंच जास्त तापमान होतं. पुढचा कार्यक्रम महिन्याभराने असेल, तर बॅटरी निम्मी भरून एक्सटी ६० काढून ठेवा. पुढच्या वेळी जोडण्याआधी सहाही सेलची पायरी पुन्हा मोजा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने खाली सापडला, तर तो बदलेपर्यंत पेटी रस्त्यावर नेऊ नका.